‘पदरी पडले पवित्र झाले’ : सदोष नवे वाहन आणि खरेदीदाराचे कायदेशीर मार्ग

नवी मोटार विकत घेणे ही बुलढाणा जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाच्या जीवनात घरबांधणी आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल मोठी आर्थिक घटना होय. कोणी कापूस-सोयाबीनच्या दोन हंगामांची शिल्लक तीत घालतो, कोणी नोकरीतून निवृत्त होताना मिळालेली रक्कम घालतो. उरलेला भाग बँकेच्या कर्जाचा असतो. अशी मोटार पहिल्या दोन-तीन महिन्यांतच राजूरचा घाट चढताना बंद पडू लागली, दुरुस्तीसाठी वारंवार कारखान्यात जाऊ लागली आणि प्रत्येक वेळी तोच दोष घेऊन परत येऊ लागली, तर तिच्या मालकाने काय करावे? लोकव्यवहाराने या प्रश्नाचे उत्तर एका म्हणीत देऊन ठेविले आहे : ‘पदरी पडले पवित्र झाले.’ कायद्याचे उत्तर मात्र निराळे आहे. तथापि ते समजून घेण्यासाठी काही शब्दांचे अर्थ नीट पारखून घेणे अगत्याचे ठरते.

अमेरिकेत या प्रश्नासाठी स्वतंत्र कायदे आहेत. तेथील बोलभाषेत निकृष्ट निघालेल्या वस्तूस ‘लेमन’, म्हणजे लिंबू, असे म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकात हा शब्द योजिला आणि त्यास शास्त्रीय प्रतिष्ठा प्राप्त झाली. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने केलेला कायदा याच नावाने ओळखला जातो. ठराविक मुदतीत एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा मोटार एकूण तीस दिवस दुरुस्तीसाठी अडकून पडली, की ती ‘लेमन’ असल्याचे गृहीत धरावयाचे आणि कारखानदाराने ती बदलून द्यावयाची किंवा किंमत परत करावयाची, असे त्याचे सूत्र आहे. भारतात असा आकड्यांनी बांधलेला कायदा नाही. यावरून भारतीय खरेदीदार निराधार आहे असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. त्याचे अधिकार निरनिराळ्या अधिनियमांत विखुरलेले आहेत, एवढेच.

यांपैकी सर्वांत जुना म्हणजे १९३० चा मालविक्रीचा अधिनियम. या अधिनियमाने विक्रीच्या करारातील वचनांचे दोन वर्ग केले आहेत. एक ‘शर्त’, म्हणजे ज्या वचनावर करार उभा आहे ते. ते मोडल्यास खरेदीदार करारच नाकारू शकतो. दुसरा वर्ग ‘वॉरंटी’चा, म्हणजे कराराच्या मुख्य हेतूस आनुषंगिक असलेल्या वचनाचा, ते मोडल्यास केवळ नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. बाजारात या दोहोंसाठी ‘ग्यारंटी’ हा एकच शब्द चालतो आणि मराठीत ‘हमी’ म्हटले की दोन्ही अर्थ एकत्र मिसळतात. बोलण्यात या सरमिसळीने काही बिघडत नाही. वादात मात्र तीच खरेदीदाराच्या अपेक्षेचा आणि त्याच्या अधिकाराचा सांधा निखळविते.

याच अधिनियमात आणखी एक तरतूद आहे. खरेदीदाराने माल एकदा स्वीकारला म्हणजे, करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास, शर्तीचा भंगही वॉरंटीच्या भंगाप्रमाणेच मानला जातो. अर्थात माल परत करण्याचा अधिकार मावळतो व भरपाईचा तेवढा उरतो. ‘पदरी पडले’ ही म्हण येथे जवळजवळ कायद्याच्या भाषेत अवतरली आहे असे म्हणता येईल. मोटारीचा दोष ती घरी आणून काही दिवस चालविल्यावाचून कळत नाही. त्यामुळे या तरतुदीचा भार मोटारीच्या खरेदीदारावर विशेष पडतो.

ही कोंडी १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने फोडली. त्यामागे महाराष्ट्रातील चळवळीचाही वाटा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली होती. १९८६ च्या अधिनियमाची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम जुलै २०२० मध्ये अंमलात आला आणि आज तोच लागू आहे. त्यातील ‘दोष’ या शब्दाची व्याख्या लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. गुणवत्ता, परिमाण, शुद्धता किंवा दर्जा यांत असणारी उणीव म्हणजे दोष. आणि हा दर्जा कायद्याने ठरविलेला असेल, स्पष्ट वा गर्भित कराराने ठरलेला असेल, किंवा विक्रेत्याने कोणत्याही रीतीने केलेल्या दाव्याने ठरलेला असेल. म्हणजे जाहिरातीतील आणि माहितीपत्रकातील शब्दही मोजमापाचा गज होऊ शकतो. दोष सिद्ध झाल्यास तो दूर करणे, माल बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे, असे आदेश देण्याचा अधिकार आयोगास आहे. माल स्वीकारला म्हणून तो परत करण्याचा मार्ग येथे बंद होत नाही.

तथापि हे आदेश मागितले की मिळतात असे नाही. मारुती उद्योग या कंपनीविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली असे ठरविले की, वॉरंटीच्या मजकुरात सदोष भाग दुरुस्त करण्याचे किंवा बदलण्याचेच वचन असेल, तर त्या आधारावर संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश समर्थनीय ठरत नाही. याउलट ह्युंदाई मोटर इंडिया या कंपनीच्या प्रकरणात, अपघातसमयी हवापिशव्या न उघडल्यामुळे मोटार बदलून देण्याचा व भरपाईचा आदेश २०२२ साली त्याच न्यायालयाने कायम ठेविला. सुरक्षिततेचे साधन म्हणून जे विकले गेले ते ऐन वेळी निरुपयोगी ठरले; आघाताचा वेग आणि बल यांचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता निष्कर्ष असा निघतो की, एखादा भाग बदलून निवारण होणारा दोष आणि ज्या गुणासाठी वाहन घेतले त्या गुणासच बाध आणणारा दोष यांत भेद करावा लागतो. पहिल्यात दुरुस्ती व भरपाई यांवर समाधान मानावे लागण्याचा संभव अधिक. दुसऱ्यात बदली वा परतावा मागण्यास बळकट आधार आहे.

उत्पादनातील दोष सिद्ध करण्याचा भार सामान्यतः तक्रारदारावर असतो. वाहन वारंवार दुरुस्तीस गेले एवढ्याने तो आपोआप सिद्ध होत नाही. वरवर पाहून न कळणाऱ्या दोषाच्या बाबतीत आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. तज्ज्ञाचा अहवालही महत्त्वाचा ठरतो. म्हणून दुरुस्तीच्या प्रत्येक खेपेचे जॉब कार्ड मालकाने मागून घेतले पाहिजे. त्यावर तक्रार मालकाच्याच शब्दांत नोंदविली गेली आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. ‘इंजिन चढावर बंद पडते’ ही तक्रार कार्डावर ‘सर्वसाधारण तपासणी’ म्हणून उतरली, तर पुढे पुरावा म्हणून तिचे मोल फारच थोडे उरते.

बुलढाणा जिल्ह्यातील खरेदीदारास २०१९ च्या अधिनियमाने दिलेली एक सवलत विशेष मोलाची आहे. पूर्वी तक्रार सामान्यतः विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा व्यवहार जेथे घडला तेथे करावी लागे; अकोल्यास वा छत्रपती संभाजीनगरास मोटार घेतलेल्या मेहकर-लोणारच्या ग्राहकास तारखांसाठी तेथे जाणे भाग पडे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे उपजीविकेचे काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. डिसेंबर २०२१ पासून, मोबदला म्हणून दिलेली किंमत पन्नास लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांस २०० रुपये, दहा ते वीस लाखांस ४०० रुपये आणि वीस ते पन्नास लाखांस १,००० रुपये एवढेच शुल्क आहे. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रारीची मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दुरुस्तीच्या आश्वासनांवर विसंबून ही मुदत निघून जाऊ देणे धोक्याचे होय. वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास निकाल शक्यतो पाच महिन्यांत द्यावा असे अधिनियम सांगतो. व्यवहारात याहून अधिक काळ लागू शकतो, हे ध्यानी ठेवावे. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. या साऱ्या काळात बँकेचे हप्ते आपोआप थांबत नाहीत, कारण कर्जाचा करार विक्रीच्या करारापासून स्वतंत्र असतो.

तक्रार कोणाविरुद्ध करावी, हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. गोव्यातील एका ग्राहकास २०११ ची म्हणून २००९ ची, आधी ६२२ किलोमीटर धावलेली मोटार विकली गेली होती. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असे म्हटले की, विक्रेत्याच्या कृत्याची माहिती असल्याचे सिद्ध झाल्यावाचून त्याबद्दल टाटा मोटर्स या उत्पादकास जबाबदार धरता येणार नाही. यास्तव दोष कारखान्यातील आहे की विक्रेत्याच्या वागणुकीतील आहे, हे निश्चित नसल्यास दोघांनाही पक्षकार करणे श्रेयस्कर होय.

व्यापारी हेतूने वस्तू घेणारा अधिनियमाच्या दृष्टीने ग्राहक नाही. परंतु स्वतः राबून उपजीविका करण्यासाठीच ती घेतली असेल, तर तो ग्राहक ठरतो. स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर चालविणारा चिखलीचा शेतकरी किंवा स्वतः टॅक्सी चालविणारा शेगावचा चालक या अपवादाचा आधार घेऊ शकतो.

एकाच बनावटीच्या अनेक वाहनांत धोकादायक दोष आढळल्यास मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ११०-अ उपयोगी पडते. त्यान्वये केंद्र शासन उत्पादकास ती वाहने परत बोलाविण्याचा आदेश देऊ शकते आणि उत्पादकावर किंमत परत करण्याची अथवा वाहन बदलून वा दुरुस्त करून देण्याची जबाबदारी येते. हा उपाय सामुदायिक आहे. एकट्या मालकाचे समाधान त्यातून होईलच असे नाही.

सारांश, भारतीय कायदा दुरुस्तीच्या खेपा मोजून आपोआप निर्णय देत नाही. तो पुराव्याचे मोजमाप करतो. म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेतील शब्द, माहितीपत्रकातील दावे आणि जॉब कार्डावरील नोंदी हीच मालकाची खरी साधने होत. पदरी पडलेले पवित्र मानावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कायद्याने त्याच्याकडे दिला आहे. मात्र तो दोन वर्षांच्या आत आणि कागदाच्या आधाराने बजावावा लागतो.