आजार तोच, पत्ता वेगळा

गोव्यात पेडण्यातल्या मोपापासून काही किलोमीटरवर महाराष्ट्रातल्या सिंधुदुर्गाची हद्द. दोन्हीकडच्यांचे बाजारहाट, सोयरिकी एकत्र. दुखणं बळावलं की गाडीही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजकडेच (गोमेकॉ) वळते. खर्च मात्र पत्त्यावर ठरतो!

👉 गोव्यात किमान पाच वर्षं राहत असलेल्यांसाठी २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत संरक्षण.

👉 जानेवारी २०१८पासून परराज्यातल्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू झालं. त्याविरोधात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आंदोलन पेटलं. पुढे महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना गोमेकॉपर्यंत पोचली.

हद्दीवर राहत असाल, तर या योजनांसाठी रेशन कार्ड, रहिवासी दाखला आजारपणाआधीच तयार ठेवा.

#पेडणे #सिंधुदुर्ग #आरोग्य