आरडाओरड्यामागचं दुखणं

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑग्युस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्यावर विनाकारण संशय, घरात वस्तू लपवून ठेवणं, मध्येच किंचाळणं, अशी लक्षणं होती. ती फ्लॉवर आणि डुकराचं मांस जेवत असताना डॉ. आलोइस अल्झायमर यांनी विचारलं, काय खाताय? उत्तर आलं, पालक. अल्झायमर यांनी असं सगळं बारकाईने टिपून ठेवलं. उपाय मात्र त्या काळातलेच होते: कोमट पाण्यात बसवणं, झोपेचं औषध, फारच आरडाओरडा झाला तर वेगळी खोली. १९०६ मध्ये ती वारली आणि तिच्या मेंदूच्या तपासणीतून पुढे अल्झायमर म्हणून ओळखला गेलेला आजार जगापुढे आला. असा रुग्ण चिडला, अंगावर धावला तर जवळच्याने काय करायचं, हा प्रश्न मात्र बराच काळ तसाच पडून राहिला.

पन्नासच्या दशकात मनोविकारांवरची अँटिसायकॉटिक औषधं आली आणि वृद्धांच्या संस्थांना ती सोयीची वाटली. गोळी दिली की माणूस गप्प. त्याच सुमारास अमेरिकेत रुग्णाला तारीख, वार, ठिकाण पुन्हा पुन्हा सांगून भानावर आणायची पद्धत रुजत होती. क्लीव्हलँडमध्ये अतिवृद्धांबरोबर काम करणाऱ्या नाओमी फाइल यांना ती खटकली. ऐंशीच्या बाई आईला शोधत असतील, तर ‘आई कधीच गेली’ असं सांगणं म्हणजे त्यांना रोज नव्याने सुतकात बसवणं. त्यापेक्षा आईबद्दलच बोलावं, आई काय रांधायची ते विचारावं. फाइल यांच्या पद्धतीला शास्त्रीय पुरावा आजही तोकडाच आहे, पण दुरुस्त करण्याचा हट्ट सोडण्याचं धाडस त्यांनी दाखवलं. १९९७ मध्ये ब्रिटनच्या टॉम किटवुड यांनी तर पुस्तकच लिहून बजावलं, की रुग्णाच्या वागण्यात आजाराइतकाच भोवतालच्या माणसांच्या वागण्याचाही वाटा असतो.

गोळ्यांची किंमत कळायला २००५ उजाडलं. १७ चाचण्या तपासून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीच्या अँटिसायकॉटिक औषधांमुळे मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो. २००८ मध्ये जुन्या पिढीच्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. पुढच्याच वर्षी प्रा. सुबे बॅनर्जी यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालाचा अंदाज होता, की वर्षाला १,८०,००० रुग्णांना ही औषधं दिली जातात, फायदा फार तर ३६,००० जणांना होतो आणि १,८०० जण त्यापायी जादा दगावतात. रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला, तर औषध लागतंही. पण पहिला उपाय म्हणून नव्हे.

मग आधी काय पाहायचं? नॉर्वेतल्या एका अभ्यासाने २०११ मध्ये साधं उत्तर दिलं. १८ शुश्रूषागृहांतल्या ३५२ अस्वस्थ रुग्णांपैकी निम्म्यांवर आठ आठवडे पद्धतशीर वेदनोपचार झाले, बऱ्याच जणांना तर फक्त पॅरासिटामॉल. त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी उतरली. आंघोळ घालताना हात झटकणाऱ्या आजोबांचा खांदा दुखत असेल. रात्रभर येरझाऱ्या घालणाऱ्या आजींना लघवीचा संसर्ग किंवा बद्धकोष्ठ असेल. ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणून मोकळं होण्याआधी हे तपासायलाच हवं.

आपल्याकडे बहुतेक रुग्ण घरीच असतात आणि सारा भार सुनेवर, मुलीवर, बायकोवर पडतो. त्या दृष्टीने गोव्याचा प्रयोग मोलाचा. ‘संगाथ’ संस्थेच्या डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरी स्थानिक, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले सल्लागार सहा महिने जात राहिले. आजार समजावायचा, वाद न घालता लक्ष कसं वळवायचं ते सांगायचं, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञ गाठून द्यायचा. रुग्णांच्या वागण्यात मोठा फरक सिद्ध झाला नाही. त्या वागण्याने घरच्यांना होणारा त्रास मात्र लक्षणीय घटला. निष्कर्षातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पिचलेल्या माणसाकडून शांतपणाची अपेक्षा कुणी करायची?

मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने अशा रुग्णाची देखभाल पडद्यावर आणली. घर विसरून हत्तीमागे गेलेल्या चक्रपाणि शास्त्रींना माहुताची बायको लेकरासारखं सांभाळते; त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

२०२३ मध्ये अमेरिकेने अल्झायमरमधल्या अस्वस्थतेसाठी पहिलं खास औषध मंजूर केलं, तेही मृत्यूच्या त्याच इशाऱ्यासह. त्याच वर्षी भारतातल्या डिमेन्शियाग्रस्तांचा अंदाज ८८ लाखांवर गेला. गोव्यातल्यासारखे सल्लागार घडवायला वैद्यकीय पदवी लागत नाही. ‘आशा’ आरोग्यसेविका आजही घरोघरी जातातच. त्यांच्या प्रशिक्षणात डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळण्याचा धडा यावा, ही मागणी आता लावून धरायला हवी.