मुद्रा कर्ज : हमी कोणाची, फेड कोणाची?



मागच्या पालक सभेत एका आईने विचारले, "सर, मुद्राचे पैसे नाही फेडले तरी चालतं ना? सरकारचेच तर आहेत." त्या घरून डबे पुरवतात. कर्ज पास करवून देतो म्हणून एका गृहस्थाने त्यांच्याकडून दोन हजार रुपये आधीच घेतलेही होते. म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. यात सरकार पैसे वाटत नाही, कर्ज बँकच देते. त्यासाठी दलाल नेमलेले नाहीत. ५० हजारांपर्यंतचे कर्ज 'शिशु', पुढे ५ लाखांपर्यंत 'किशोर' आणि १० लाखांपर्यंत 'तरुण'. (ही नावे ऐकून पाचवीच्या वर्गात हशा पिकला होता!) 'तरुण' कर्ज नीट फेडणाऱ्याला २०२४ पासून २० लाखांपर्यंत मिळू शकते. पिकासाठी हे कर्ज नाही. पण देपालपूर, महूकडच्या आपल्या पालकांना दुधाच्या किंवा कुक्कुटपालनाच्या धंद्यासाठी घेता येते.

घर किंवा दागिने तारण ठेवावे लागत नाहीत, आणि गैरसमज इथेच होतो. सरकारी हमी आहे ती बँकेला. कर्ज बुडाले तर हमी निधीतून बँकेच्या नुकसानीचा काही भाग भरून निघतो, घेणाऱ्याचे देणे माफ होत नाही. थकबाकीची नोंद त्याच्या नावावर राहते. उद्या मुलाच्या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज मागायला गेलो की बँक आधी आई-वडिलांची हीच नोंद पाहते.

राजवाड्यापाशी पोह्याची गाडी लावणाऱ्यांसाठी २०२० पासून पीएम स्वनिधी आहे. २०२५ च्या बदलानंतर पहिले कर्ज १५ हजारांपर्यंत, ते फेडल्यावर २५ हजार, मग ५० हजार. हप्ते वेळेवर भरले तर व्याजात ७ टक्के सवलत खात्यात जमा होते.

आठवी-नववीच्या मुलांनी घरी हिशोब करून दाखवावा : ५० हजार, १२ टक्के व्याज, ३ वर्षे. हप्ता साधारण १,६६० रुपये येतो. डब्यांतून महिन्याला तेवढे उरतात का, हे आईबरोबर बसून आधी पाहावे.

अर्ज भरण्यास मदत हवी असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यालयात यावे. येताना आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक आणावे. शुल्क नाही.