विंडोज, मॅक की लिनक्स? या भांडणात अपडेटचा मुद्दा मागे का पडतो?

लॅपटॉप कोणता घ्यावा, असा प्रश्न कुणी सोशल मीडियावर टाकला की थोड्याच वेळात कमेंट्समध्ये तीन गट पडतात. एक म्हणतो, मॅकला व्हायरस लागतच नाही. दुसरा म्हणतो, लिनक्स टाका आणि निवांत झोपा. तिसरा विंडोजवाला म्हणतो, आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर तिकडे चालतं का, ते आधी सांगा.

या वादात एक गोष्ट राहून जाते. गेल्या वीसेक वर्षांत गाजलेल्या अनेक सायबर हल्ल्यांमध्ये, हल्लेखोर ज्या फटीतून आत शिरले ती बुजवणारा पॅच आधीच तयार होता. कुठे तो लोकांनी टाकला नव्हता, तर कुठे कंपनीने तो ग्राहकांपर्यंत वेळेत पोहोचवला नव्हता.

पॅच म्हणजे नेमकं काय?

पॅच म्हणजे ठिगळ. ऑपरेटिंग सिस्टीम कोट्यवधी ओळींच्या कोडची बनलेली असते आणि एवढ्या कोडमध्ये चुका राहतातच. काही चुकांमुळे फक्त एखादं ॲप बंद पडतं. काही चुका मात्र अशा असतात की बाहेरचा माणूस त्यातून तुमच्या मशीनमध्ये घुसू शकतो. ती चूक दुरुस्त करणारा कोड म्हणजे सिक्युरिटी पॅच.

यात एक मोठी गोम आहे. पॅच जाहीर झाला की तो हॅकर्सनाही मिळतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ते नेमकं काय बदललं ते पाहतात आणि मूळ फट कुठे होती ते शोधून काढतात. म्हणजे पॅच आला त्या क्षणापासून शर्यत सुरू होते. तुम्ही आधी अपडेट करता की समोरचा आधी हल्ला करतो, एवढाच प्रश्न उरतो.

मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच देते. याला 'पॅच ट्युसडे' म्हणतात. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते. त्याच्या दुसऱ्या दिवसाला सुरक्षा क्षेत्रातले लोक गमतीने 'एक्सप्लॉइट वेन्सडे', म्हणजे हल्ल्याचा बुधवार म्हणतात. वेळापत्रक ठरण्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाच्या वर्मने जगभरातल्या विंडोज संगणकांना हैराण केलं होतं. त्याचा पॅच १६ जुलैला आला होता. वर्म पसरायला लागला ११ ऑगस्टला.

दोन महिन्यांची ढिलाई किती महागात पडली?

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली एक गंभीर त्रुटी दुरुस्त केली. या त्रुटीचा वापर करणारं 'इटर्नलब्लू' नावाचं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने बनवलं होतं. एप्रिलमध्ये 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या गटाने ते इंटरनेटवर फोडलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' आलं. संगणकातल्या फाइल्स कुलूपबंद करायच्या आणि त्या सोडवण्यासाठी बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागायचे, असं ते रॅन्समवेअर होतं. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक त्याच्या तडाख्यात सापडले.

सर्वाधिक चर्चा झाली ती ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० एनएचएस ट्रस्टना फटका बसला. काही ठिकाणी ॲम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. सुमारे १९ हजार अपॉइंटमेंट्स रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज नंतर चौकशीत मांडला गेला. पॅच टाका, अशी सूचना या ट्रस्टना मार्च आणि एप्रिलमध्ये मिळालेली होती.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला याच इटर्नलब्लूचा वापर करणारं 'नॉटपेट्या' आलं आणि त्याची झळ थेट महाराष्ट्रात पोहोचली. जगातल्या सर्वात मोठ्या शिपिंग कंपन्यांपैकी एक असलेली मर्स्क त्यात कोलमडली आणि न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्याशी संबंधित टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कला ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हरवर सगळं नव्याने टाकावं लागलं.

नॉटपेट्याने आणखी एक धडा दिला. एका पॅच नसलेल्या संगणकात शिरलं की ते तिथले पासवर्ड उचलायचं आणि ते वापरून त्याच नेटवर्कमधल्या पॅच केलेल्या संगणकांतही घुसायचं. सोसायटीतल्या एकाच घराचं दार उघडं राहावं आणि सगळ्या इमारतीत चोरी व्हावी, तसं.

मग मॅक आणि लिनक्स सुरक्षित आहेत का?

ॲपलचं उदाहरण २०१२ चं आहे. 'फ्लॅशबॅक' नावाच्या मालवेअरने त्या वर्षी सहा लाखांच्या आसपास मॅक संगणकांना गाठलं. फट होती जावा या सॉफ्टवेअरमध्ये. जावा बनवणाऱ्या ओरॅकलने तिचा पॅच फेब्रुवारीतच दिला होता. पण मॅकवरच्या जावाचे अपडेट तेव्हा ॲपल स्वतः देत असे आणि ॲपलचा पॅच आला एप्रिलच्या सुरुवातीला. मधल्या काळात मॅक वापरणाऱ्यांची काही चूक नव्हती, त्यांच्यापर्यंत ठिगळच पोहोचलं नव्हतं.

लिनक्सचे समर्थक म्हणतात, आमचा कोड सगळ्यांना खुला आहे, हजारो डोळे तो पाहतात. यात तथ्य आहे. पण २०१४ मध्ये उघड झालेली 'शेलशॉक' ही त्रुटी लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या बॅश या प्रोग्राममध्ये १९८९ पासून होती. २५ वर्षं कोड खुला होता, तरी ती कुणाच्या नजरेत आली नाही.

मार्च २०२४ मध्ये उलटा किस्सा घडला. लिनक्समधल्या 'एक्सझेड' या छोट्याशा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत कुणीतरी मुद्दाम चोरवाट पेरली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला रिमोट लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच खटकलं. त्याने खोदकाम केलं आणि चोरवाट सापडली. कोड खुला होता म्हणूनच ते शक्य झालं. गंमत म्हणजे फ्रॉइंड नोकरी करत होता मायक्रोसॉफ्टमध्ये.

थोडक्यात, तिन्हींमध्ये फरक नक्की आहे. डेस्कटॉपवर विंडोज जास्त लोक वापरतात, म्हणून हल्लेखोरांचा डोळा तिच्यावर जास्त असतो. लिनक्समध्ये बहुतेक सॉफ्टवेअरचे अपडेट एकाच ठिकाणाहून मिळतात. ॲपल हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही स्वतःच बनवत असल्याने पॅच एकदम सगळ्यांना देऊ शकते. पण पॅच न टाकलेलं मशीन यातल्या कुठल्याही गटातलं असलं, तरी धोक्यात असतं.

लोक अपडेट का टाळतात?

प्रत्येक वेळी कारण आळसच असतं असं नाही. रुग्णालयातलं एमआरआय मशीन किंवा कारखान्यातलं यंत्र ज्या संगणकावर चालतं, तो संगणक अपडेट करायचा तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते. चाचणी करावी लागते, काम थांबवावं लागतं. चालू गाडीचा टायर बदलण्यातला हा प्रकार आहे.

शिवाय अपडेटमुळेच घात होतो, असंही घडलंय. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो मायक्रोसॉफ्टचा पॅच नव्हता, पण 'अपडेट केलं की बिघडतं' हा समज मात्र पक्का झाला. नॉटपेट्यासुद्धा युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच सुटलं होतं.

म्हणून मोठ्या कंपन्या पॅच आधी मोजक्या मशीनवर टाकून बघतात आणि मग सगळीकडे पाठवतात. घरच्या लॅपटॉपसाठी एवढा विचार करायची गरज नसते. बॅकअप असेल तर बिघडलेलं अपडेट परत फिरवता येतं, पण कुलूपबंद झालेले फोटो आणि कागदपत्रं परत मिळतील याची खात्री नसते.

आता तुमच्यासमोर काय प्रश्न आहे?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट देण्याची योजना आणली, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा यंत्रणा लागते, त्यामुळे बरेच चांगले चालणारे जुने संगणक त्यात बसत नाहीत. लिनक्सवाल्यांचा मुद्दा इथे वजनदार ठरतो, कारण अशा संगणकावर लिनक्स टाकलं तर पॅच मोफत मिळत राहतात. मात्र तुमचं रोजचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हे आधी तपासावं लागेल.

हाच प्रश्न खिशातल्या फोनचाही आहे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे. गुगल २०१५ पासून अँड्रॉइडच्या सुरक्षा त्रुटींची माहिती आणि पॅच नियमितपणे जाहीर करतं. पण तो पॅच तुमच्या मॉडेलपर्यंत आणायचं काम फोन बनवणाऱ्या कंपनीचं असतं. स्वस्त मॉडेल्सना ते बऱ्याचदा उशिरा मिळतात आणि लवकर बंद होतात. काही महागड्या फोनना आता सात वर्षं अपडेट देण्याचं आश्वासन कंपन्या देतात.

त्यामुळे नवा फोन किंवा लॅपटॉप घेताना कॅमेरा आणि रॅमसोबत आणखी एक गोष्ट विचारा. याला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? हातात असलेल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा. ती वर्षभर जुनी असेल आणि नवं अपडेटही दिसत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार आणि यूपीआय करायचं की नाही, याचा विचार करण्याची वेळ झालीय. अपडेटची सूचना आलेली असेल आणि तुम्ही 'नंतर आठवण करा' दाबत असाल, तर आज रात्री फोन चार्जिंगला लावताना ते करून टाका.