विषाणूची उग्रता आणि आश्रयदात्याचा पालट

एखादा विषाणू ‘उग्र’ वा ‘सौम्य’ म्हटला जातो, तेव्हा उग्रता हा त्याचा अंगभूत गुण होय असे गृहीत धरलेले असते. पक्ष्यांमधील इन्फ्लुएन्झाचा इतिहास पाहता ही समजूत टिकत नाही.

रानबदके व इतर पाणपक्षी हे या विषाणूंचे मूळ आश्रयदाते होत. तेथे विषाणू मुख्यतः आतड्यात वाढतो व विष्ठेवाटे पाण्यात मिसळतो. बदक सहसा आजारी दिसतही नाही. कोंबडीत शिरल्यावरही प्रारंभी लक्षणे बेताचीच असतात. तथापि एच५ व एच७ या उपप्रकारांचे विषाणू कोंबड्यांमध्ये काही काळ फिरल्यावर कधी कधी अकस्मात मारक बनतात.

या पालटाचे मर्म हीमॅग्लुटिनिन या प्रथिनात आहे. पेशीला संसर्ग होण्यासाठी या प्रथिनाचे दोन तुकडे व्हावे लागतात. सौम्य विषाणूत छेदाच्या जागी सामान्यतः एकच आर्जिनिन असते. तेथे छेद करणारी एन्झाइमे मुख्यतः श्वसनमार्गात व आतड्यात आढळत असल्याने संसर्गही तेवढ्यापुरता राहतो. त्या जागी अल्कधर्मी अ‍ॅमिनो आम्लांची माळ तयार झाली, की फ्युरिन हे एन्झाइम छेद करू शकते. आणि फ्युरिन जवळजवळ सर्वच पेशींत असल्यामुळे मेंदू व हृदयही संसर्गास खुले होतात.

१९८३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात या पालटाचे निराळे रूप दिसले. एप्रिलमध्ये सौम्य असलेला एच५एन२ विषाणू ऑक्टोबरपर्यंत मारक झाला. माळ त्यात आधीपासूनच होती. तिला झाकणारी कर्बोदकाची शाखा एका उत्परिवर्तनाने गळली, एवढेच. अक्षर एक बदलावे आणि वाक्याचा अर्थ फिरावा, तसाच हा प्रकार. साथ आवरण्यासाठी सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी नष्ट करावे लागले.

असा विषाणू कोंबड्यांतच का टिकतो? रानात आश्रयदाता लवकर मेला, तर प्रसारही खुंटतो. दाटीने कोंडलेल्या हजारो कोंबड्यांत मात्र मरणाऱ्या पक्ष्याशेजारी नवा आश्रयदाता सदैव उभा असतो. मारकतेची किंमत विषाणूला मोजावी लागत नाही, असे मानले जाते.

हा पालट कुक्कुटगृहापुरता राहत नाही. १९९६ साली चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात हंसांत आढळलेल्या एच५एन१ विषाणूच्या वंशजांनी २००५ साली छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मारले. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे याच वंशाची साथ आली. सारांश, उग्रता ही विषाणू, आश्रयदाता व परिस्थिती यांच्या संबंधातून घडते. आणि या तिहींपैकी परिस्थिती बव्हंशी मनुष्यनिर्मित आहे.