घोळ कसली, हा तर कुल्फा!

पावसाळा लागला की पुण्यात वेताळ टेकडीवर वनस्पती ओळखण्याच्या फेऱ्या निघतात. जुलैतल्या एका रविवारी फज्रची नमाज आटोपून आम्ही तिघी कोंढव्याहून निघालो. मी, नववीतली माझी मुलगी आणि माझ्या सासूबाई. त्यांना घरात सगळे अम्मी म्हणतात. गुडघे दुखत असूनही केवळ नातीच्या हट्टापायी त्या आल्या होत्या.

फेरी नेणाऱ्या ताईंनी आधी टाकळा दाखवला. पानं साधारण मेथीसारखी, पण चुरगळली की उग्र वास आणि संध्याकाळ झाली की मिटणारी. फुलोऱ्याआधीची कोवळी पानंच भाजीला घ्यायची. मग कुर्डू आला. पायथ्याच्या पडीक जागेत ताई वाकल्या आणि म्हणाल्या, "ही घोळ." जमिनीलगत पसरलेली, लालसर रसाळ देठांची, जाड चकचकीत पानांची.

अम्मी पुढे झाल्या. "घोळ कसली? ये तो कुल्फा है!"

सोलापूरकडच्या त्यांच्या गावी बांधावरून कुल्फा खुडून आणणं हे लहान मुलींचं काम. लग्न होऊन पुण्यात आल्यावर त्या मंडईत कुल्फा मागत राहिल्या आणि बायका मान हलवत राहिल्या. त्यातल्या एखादीच्या टोपलीत घोळीची जुडी नक्कीच असणार! चाळीस वर्षं एक सालन केवळ नावापायी घरात शिजलं नाही. ताईंना घोळीचं शास्त्रीय नाव ठाऊक होतं, पण ती गोश्तात घालतात हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलीनं लगेच मोबाइलवर फोटो काढून नाव शोधलं. ताई म्हणाल्या, "नाव बघ, पण त्या भरवशावर चूल पेटवू नकोस." घोळीशेजारीच नायटी उगवते, तीही जमिनीवर पसरणारी. देठ मोडून बघायचा. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे. कळलावीचं फूल देखणं, पण सगळं झाडच विषारी. तिचा कंद रताळं समजून खाणाऱ्यांचे जीव गेले आहेत. चव घेऊन ओळखण्याचा खेळ तर मुळीच नको.

टेकडीवरून आम्ही काही तोडलं नाही. ते वनखात्याचं रान आहे. रस्त्याकडेची भाजीही नको, तिथे कुत्री, गाड्यांचा धूर आणि तणनाशक. परतताना महात्मा फुले मंडईत गेलो. या 1886 सालच्या इमारतीबाहेर पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बायका बसतात. अम्मींनी आयुष्यात पहिल्यांदा "घोळ आहे का?" असं विचारलं. दोन जुड्या मिळाल्या.

गोश्त कांदा, आलं-लसूण, हळद-तिखटात पूर्ण शिजवून मग चिरलेला कुल्फा घालायचा. तो स्वतःच पाणी सोडतो आणि आंबट असतो, म्हणून टोमॅटो नको आणि मीठ बेतानं. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं, तेव्हा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी जपून खावी. आमच्याकडे अब्बांना दोनच चमचे मिळाले, त्यावर ते अजून नाराज आहेत.

मुलीनं वहीत दोन रकाने आखलेत. कुल्फा – घोळ. अंबाडा – अंबाडी. चौलाई – तांदुळजा. चौथ्या ओळीत अम्मींनी सांगितलेलं एक नाव आहे, समोरची जागा मोकळी आहे. पान कसं होतं ते त्या बोटानं हवेत काढून दाखवतात. पुढच्या रविवारी ताईंना विचारायचंय.