डबा उघडण्याआधीची दहा मिनिटं

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच पुण्या-मुंबईत नर्सरीच्या प्रवेशअर्जांची धावपळ सुरू होते. ज्या घरात अडीच-तीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं नुकतंच कळलंय, तिथे ही धावपळ जिवावर येते. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपीच्या वेळा सांभाळायच्या, घरातल्या मोठ्यांना समजावायचं आणि त्यातच शाळा शोधायची. मी विशेष शिक्षिका म्हणून काम करते. या आईवडिलांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो : 'ताई, नॉर्मल शाळेत घालू की स्पेशल?'

मी त्यांना सांगते, शाळेचा प्रकार थोडा बाजूला ठेवा आणि वर्ग बघा. तुमचं मूल रोज तीन तास राहणार आहे ते एका खोलीत, एका ताईबरोबर, पंधरा-वीस मुलांमध्ये. एकाच शाळेच्या दोन तुकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. वर्ग बघायला जाल तेव्हा गाणी-गोष्टींच्या वेळी जाऊ नका, कारण त्या वेळी सगळेच वर्ग छान दिसतात. एक खेळ संपून दुसरा सुरू होतो तेव्हा, विशेषतः डबा उघडण्याआधीच्या दहा मिनिटांत, दाराशी बसून राहा.

एका बालवाडीत मी पाहिलेलं सांगते. मुलं कणकेच्या गोळ्यांशी खेळत होती. साडेतीन वर्षांचा एक मुलगा कोपऱ्यात गाड्या एका ओळीत लावत होता. आवराआवरीची वेळ झाली तेव्हा ताईंनी सगळ्यांसाठी डफलीवर हलकी थाप दिली. मग त्या त्याच्याजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. 'चला', 'आटपा' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नळाखाली हात धरलेल्या मुलाचा फोटो त्याच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, 'अजून दोन गाड्या. मग हात.' आणि गप्प राहिल्या. त्याने एक गाडी लावली, थांबला, दुसरी लावली, फोटो हातात घेतला आणि नळाकडे निघाला. बाकीची मुलं एव्हाना डबे उघडून बसली होती. त्याला उशीर झाला याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

याच वेळी शेजारच्या वर्गातही डब्याची वेळ झाली होती. तिथे बाई फळ्यापाशी उभ्या राहून सगळ्यांना एकदम तीन सूचना देत होत्या : कणीक डब्यात भरा, हात धुवा, रांगेत या. बाकं सरकत होती, आवाज चढत होता. अशा वेळी ऑटिझम असलेलं मूल जमिनीवर लोळण घेतं आणि 'हट्टी' ठरतं. पुढे काय होणार हे नुसत्या बोलण्यावरून ताडणं अनेकदा त्याला जड जातं. त्यात हातातलं आवडीचं काम सुटतं, गोंगाट वाढतो आणि सूचना सगळ्या वर्गाला उद्देशून असते, म्हणून ती आपल्यालाही आहे हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हे सगळं त्या दहा मिनिटांत एकवटतं. म्हणून वर्गाची खरी परीक्षाही तिथेच होते.

दिवस चित्रांतून दाखवण्याची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात एरिक शॉपलर यांनी उभा केलेला टीच हा कार्यक्रम 1972 पासून राज्यभर चालू झाला. दिवसाचा क्रम डोळ्यांना दिसेल असा मांडायचा, प्रत्येक कामाची जागा ठरलेली ठेवायची, हे त्यातलं मुख्य सूत्र. त्याला फार पैसे लागत नाहीत. मोबाइलवर काढलेले फोटो आणि वेल्क्रोच्या पट्ट्या पुरतात. हल्ली बऱ्याच बालवाड्यांच्या भिंतींवर असे तक्ते दिसतात. तुम्ही फक्त एवढं पाहा, की अकरा वाजता तक्त्यावरचं चित्र आणि वर्गात चाललेलं काम यांचा मेळ बसतो का. तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की मोठ्यांच्या?

दुसरी गोष्ट म्हणजे ताईंना एक प्रश्न विचारा : 'माझा मुलगा बोलत नाही. त्याला पाणी हवं असेल तर तो तुम्हाला कसं सांगेल?' 'आम्ही सगळ्यांना वेळेवर पाणी देतो' हे उत्तर प्रेमळ असलं तरी पुरेसं नाही. पाणी मिळण्याइतकंच ते मागता येणंही महत्त्वाचं आहे. ताई म्हणाल्या, 'तो ग्लासचं चित्र आणून देईल' किंवा 'माझा हात धरून माठाकडे नेईल, मग मी त्याला खूण शिकवीन', तर तो वर्ग यादीत वर घ्या. चित्र देऊन मागण्याची पेक्स पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये विकसित केली. आपल्याकडे चेन्नईत तयार झालेलं 'आवाज' आणि आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' ही अ‍ॅप्स आहेत. चित्रांची सवय लागली तर मूल बोलायचंच नाही, ही भीती आजी-आजोबांना हमखास वाटते. संशोधनातून या भीतीला आधार मिळालेला नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे, साधी शाळा की विशेष. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप स्ट्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गला 'लीप' नावाची बालवाडी सुरू केली. ऑटिझम असलेली काही मुलं आणि त्यांच्याहून संख्येने जास्त अशी इतर मुलं एकाच वर्गात. नुसतं शेजारी बसवून मैत्री होत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून इतर मुलांनाच शिकवलं की मित्राचं लक्ष कसं वेधायचं, खेळणं कसं द्यायचं, कसं मागायचं, आणि त्याने पाठ फिरवली तर पुन्हा कसं जायचं. 2011 मध्ये स्ट्रेन आणि बोवी यांनी सुमारे 300 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही वर्गांच्या शिक्षकांना दोन वर्षं प्रत्यक्ष वर्गात येऊन प्रशिक्षण दिलं होतं, तर काहींना फक्त पुस्तिका दिली होती. प्रशिक्षण मिळालेल्या वर्गांतली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. म्हणजे दारावर 'सर्वसमावेशक' अशी पाटी लावणं सोपं आहे, त्यामागे शिक्षकाची तयारी किती आहे ते बघायला हवं. 2014 मध्ये टीच, लीप आणि कुठलीही एक ठरावीक पद्धत न पाळणारे पण चांगले चालवलेले विशेष वर्ग अशी तुलना झाली. मुलं तिन्हीकडे पुढे सरकली आणि कोणतीही एक पद्धत बाकीच्यांपेक्षा सरस ठरली नाही. तेव्हा पद्धतीच्या नावासाठी दुप्पट फी भरण्याआधी आईवडिलांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे माँटेसरी वर्ग पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल हमखास विचारणा होते. मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये 1907 साली पहिलं बालगृह उघडलं, त्याआधी त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम केलं होतं. त्यांच्या साधनांची मुळं त्या कामात आहेत. प्रत्येक साधनाची ठरलेली जागा, आपापली चटई, हळू आवाजात बोलणं हे सगळं ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना मानवतं. मात्र 'मूल स्वतः निवडेल' हे तत्त्व इथे जपून वापरावं लागतं. काही मुलं रोज तोच गुलाबी मनोरा उचलतात आणि दिवसभर कोणाकडेही बघत नाहीत. त्या मनोऱ्यापासून हळूच पुढे नेणारी आणि शेजारच्या मुलाला त्यात सामील करून घेणारी ताई तिथे आहे का, ते पाहा.

मुलांच्या संख्येबद्दल थोडक्यात. 2013च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात तीन ते सहा वर्षांच्या 20 मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी असं म्हटलं आहे. ऑटिझम असलेलं मूल वर्गात असेल तर माझ्या मते ताईंच्या जोडीला आणखी एक जाणतं माणूस हवंच. त्यासाठी शाळा अनेकदा पालकांनाच 'शॅडो टीचर' आणायला सांगतात. शॅडो उपयोगी पडते, पण ती मुलाला चिकटून बसली, त्याचं रंगकाम तीच करू लागली आणि वर्गाच्या ताई त्याच्याशी बोलेनाशा झाल्या, तर मूल वर्गात असूनही वर्गाबाहेरच राहतं. तिने कधी मागे सरकायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

खोलीकडेही कान आणि डोळे उघडे ठेवून बघा. पत्र्याचं छप्पर, करकरणारा पंखा, शेजारच्या हॉलमध्ये चाललेली गॅदरिंगची तालीम, फिनेलचा उग्र वास या गोष्टींची आपल्याला सवय झालेली असते. काही मुलांना मात्र त्या अक्षरशः बोचतात. मुलाला निवांत होता येईल असा कोपरा आहे का? तो 'शिक्षेचा कोपरा' तर नाही ना? भात-आमटी कालवलेली न चालणाऱ्या आणि रोज फक्त कोरडी पोळी खाणाऱ्या मुलाच्या डब्यावरून त्याला सगळ्यांसमोर बोलतात का? शी-शूला त्याला कोण नेतं, हे विचारायला संकोचू नका.

भाषेबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. घरात मराठी, शाळा इंग्रजी, तेव्हा 'आता घरीही इंग्रजीच बोला' असा सल्ला अनेक मराठी घरांना मिळतो. मग ज्या आजीशी मुलाची नजरानजर होते, तीच त्याच्याशी अडखळत इंग्रजी बोलू लागते किंवा गप्प राहते. दोन भाषा कानावर पडल्यामुळे ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते, असं संशोधनात दिसलेलं नाही. घरची भाषा सोडू नका. जवळपास चांगला मराठी वर्ग असेल तर त्याचा आधी विचार करा.

कायद्याचीही माहिती हवी. 1995च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत ऑटिझमचा समावेश झाला. पण 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना मोफत शिक्षणाचा जो हक्क मिळतो, तो सहा ते अठरा वर्षांसाठी. तीन ते सहा ही सगळ्यात मोलाची वर्षं त्याच्या बाहेर राहतात. गल्लीतला प्लेग्रुप 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून मोकळा होतो, त्यामागचं एक कारण हेही आहे. हे बदलायलाच हवं. खेड्यात अंगणवाडी हाच बहुधा एकमेव वर्ग असतो. तिथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून दोनदा तपासणी करावी आणि गरज असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं, अशी व्यवस्था आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली. तुमच्या गावातल्या सेविकाताईंना याबद्दल जरूर विचारा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली होती. मुलाकडे पाहून वर्ग बदलण्याची ही परंपरा आपल्याच मातीतली आहे.

वर्ग ठरला की जूनच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ बसवण्याची घाई करू नका. शाळा उघडण्याआधी रिकाम्या वर्गात एकदा फिरवून आणा, ताईंचा आणि दाराचा फोटो काढून घरी रोज दाखवा. पहिले काही दिवस तासभरच ठेवा आणि मूल रडण्याच्या आधी, हसत असतानाच घरी आणा. ताईंना एक पानभर चिठ्ठी द्या. निदान, बुद्ध्यांक, थेरपीचे अहवाल यांची फाइल वेगळी ठेवा, ती ऑफिससाठी. या पानावर एवढंच लिहा : त्याला काय आवडतं, कशाने तो घाबरतो, घाबरण्याआधी त्याचे हात किंवा चेहरा कसा होतो, तेव्हा कशाने शांत वाटतं, आणि 'हो', 'नको', 'शू' हे तो कसं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ताईंनी त्या पानावर स्वतःच्या हाताने दोन-चार ओळींची भर घातलेली दिसली, तर पुढच्या वर्षीही मुलाला त्याच ताईंकडे ठेवायची विनंती शाळेला तेव्हाच करून ठेवा.